तीनपैकी दोन जुळलं म्हणून रिपोर्ट जोडू नका

आधी प्रश्न थोडक्यात. जिल्ह्याच्या ठिकाणी दोनशे खाटांचं हॉस्पिटल आहे. बऱ्याच तपासण्या बाहेरच्या लॅबकडे जातात आणि रिपोर्ट एचएल७ संदेशांतून (हॉस्पिटलांची आणि लॅबची सॉफ्टवेअरं एकमेकांशी ज्या ठरलेल्या साच्यात बोलतात त्यातून) परत येतात. सॉफ्टवेअरमधला नियम असा की नाव, जन्मतारीख आणि मोबाईल तिन्ही जुळलं तर रिपोर्ट आपोआप पेशंटच्या नोंदीला जोडायचा, नाहीतर बाजूला ठेवायचा. बाजूला पडलेल्यांचा ढीग रोज वाढतोय, डॉक्टर चिडलेत, आणि आता वरून सूचना आली आहे की तीनपैकी दोन जुळलं तरी जोडून टाका. विचारणाऱ्यांचे प्रश्न दोन: असं करू का? आणि नावं जुळवायला कोणता अल्गोरिदम चांगला?

पहिल्याचं उत्तर: करू नका. दुसऱ्याचं: सांगतो, पण त्याचा नंबर बराच मागे लागतो. मी अठरा वर्षं हॉस्पिटलांच्या सॉफ्टवेअरचं काम करतोय आणि त्यातली निम्मी तरी ही जोडणी करण्यात नि निस्तरण्यात गेली, म्हणून उत्तर लांबणार आहे.

तीनपैकी दोन हे ऐकायला समंजस वाटतं. आता आपल्याच माणसांवर लावून बघा. समजा नाव आणि मोबाईल जुळला. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपल्याकडे पद्धत. आजोबा रामचंद्र विठ्ठल जाधव, त्यांचा मुलगा विठ्ठल रामचंद्र जाधव, आणि त्याचा मुलगा पुन्हा रामचंद्र विठ्ठल जाधव. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं तंतोतंत. दोघांच्याही केसपेपरवर मोबाईल मधल्या विठ्ठलचा, कारण घरात फोन उचलणारा तोच. आजोबा चौऱ्याहत्तरचे, नातू एकोणीसचा, आणि तुमचा नवा नियम आजोबांची साखर नातवाच्या फाइलला लावून मोकळा.

मोबाईल आणि जन्मतारीख जुळली तर? जुळी भावंडं. तारीख एक, आईचा फोन एक, आणि नावंही हौसेनं एकाच सुरातली ठेवलेली.

राहिली नाव आणि जन्मतारखेची जोडी. ही सगळ्यात भक्कम वाटते, आणि इथेच १ जून येतो. शाळेत घालताना जन्माचा दाखला नसला की गुरुजी प्रवेशाला वय बसेल अशी १ जून ही तारीख टाकून द्यायचे. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो; तुमच्या डेटाबेसमध्ये जन्माच्या दिवस-महिन्यानुसार नोंदी मोजून बघा, १ जूनचा खांब ताडासारखा उभा दिसेल. शेजारी १ जानेवारीचा, कारण नुसतं जन्मवर्ष माहीत असलं की बरीच सॉफ्टवेअरं तीच तारीख भरतात. सुनीता पवार, १ जून १९७५ अशा तुमच्याकडे किती जणी आहेत? मी एका ठिकाणी मोजल्या होत्या, तेव्हा सात निघाल्या.

म्हणजे तीनही जोड्या फसतात, आणि दूरची उदाहरणं शोधावी लागत नाहीत.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये. असाच नियम मी स्वतः लिहिला होता. नोकरीची पाच-सहा वर्षं झाली होती, ढीग असाच साचला होता, आणि मीच 'दोन जुळलं तरी चालेल' करून दिलं. ढीग एका आठवड्यात साफ, सगळे खूश. मग एक दिवस गुडघ्याच्या ऑपरेशनला घेतलेल्या बाईंचं क्रिएटिनिन ४.१ दिसलं, म्हणजे किडनी चांगलीच बिघडलेली. आदल्या आठवड्यात ०.९ होतं. भूलतज्ज्ञ बाई अनुभवी होत्या, त्यांनी ऑपरेशन थांबवून नमुना पुन्हा पाठवायला लावला. रिपोर्ट दुसऱ्या वॉर्डातल्या त्याच नावाच्या बाईंचा होता. इथवर गोष्ट 'वेळेवर लक्षात आलं' म्हणून सांगता येते. पण मला झोप लागली नाही ती दुसऱ्या बाईंमुळे. जिची किडनी खरोखर बिघडली होती तिच्या पडद्यावर दोन दिवस 'रिपोर्ट प्रलंबित' एवढंच दिसत होतं, आणि त्या दोन दिवसांत तिला दुखण्यावर डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं चालू होती, जी बिघडलेल्या किडनीला आणखी मारक. चुकीची जोडणी झाली की एक नाही, दोन फायली बिघडतात: एकीत नको ते येतं, दुसरीत हवं ते येत नाही. पहिली चूक कुणाच्या तरी डोळ्यात भरते, दुसरी दिसायला काहीच नसतं.

म्हणून माझा हिशेब असा. एका माणसाच्या दोन फायली होणं हे कर्ज आहे. त्रास होतो, तपासणी पुन्हा करावी लागते, पण फेडता येतं. दोन माणसांची एक फाइल होणं हा अपघात आहे. दोन्हींना सारखं वजन देऊन 'अचूकतेची टक्केवारी' काढणारा माणूस भेटला की मी गप्प बसतो.

आता मूळ दुरुस्ती. तुमच्याकडून लॅबला तपासणी जाते तेव्हा तुमच्या सॉफ्टवेअरनं तिला एक ऑर्डर नंबर दिलेला असतो. एचएल७ मध्ये त्याची जागा ठरलेली आहे: तपासणीची माहिती असलेल्या ओबीआर विभागाचा दुसरा रकाना ऑर्डर देणाऱ्याच्या नंबरसाठी, तिसरा लॅबच्या स्वतःच्या नंबरसाठी. रिपोर्ट परत येताना दुसऱ्या रकान्यात तुमचाच नंबर जसाच्या तसा परत आला, तर पेशंट शोधायचा प्रश्नच उरत नाही. ऑर्डर कुणाची ते तुम्हाला आधीच ठाऊक आहे. मग नाव, लिंग आणि जन्मतारीख कशासाठी वापरायची? खातरजमेसाठी. शोधायचं नंबरानं, पडताळायचं नावानं. विचारणाऱ्यांचा सगळा घोळ हा आहे की ते नावानं शोधतायत, आणि पडताळायला हातात काही उरत नाही.

तुम्ही म्हणाल, आमची लॅब तो रकाना रिकामाच पाठवते. बहुतेक ठिकाणी हेच असतं. लॅबच्या काउंटरवर नमुना आला की तिथला मुलगा फॉर्म बघून नाव पुन्हा टाइप करतो, त्यांच्या सॉफ्टवेअरमधून नवा नंबर निघतो, तो ट्यूबवर चिकटतो, आणि तुमचा नंबर त्या क्षणी मरतो. यावर काय करायचं ते शेवटी सांगतो, कारण ते फोनवर आणि चहावर करायचं काम आहे, कोडमध्ये नाही.

दुसरी गोष्ट पेशंट नंबरची. संदेशातल्या पीआयडी, म्हणजे पेशंटच्या ओळखीच्या विभागाच्या तिसऱ्या रकान्यात पेशंटचे नंबर येतात, अनेकवचनी, कारण एका माणसाचे बरेच नंबर असू शकतात. प्रत्येक नंबराबरोबर तो कुणी दिला हेही लिहायची सोय त्याच रकान्याच्या चौथ्या घटकात आहे. हा घटक लोक सर्रास रिकामा सोडतात. मग तुमच्या हॉस्पिटलनं पेशंटला दिलेला कायमचा नंबर, म्हणजे यूएचआयडी, १०४५२ आणि लॅबचा स्वतःचा पेशंट नंबर १०४५२ समोरासमोर येतात आणि सॉफ्टवेअर आनंदानं दोघांना एक मानतं. नंबर नेहमी 'कुणाचा' या उत्तरासकट साठवा आणि जोडीनंच जुळवा. एक्स-रे, सीटीच्या डायकॉम फायलींतही पेशंट नंबराशेजारी तो देणाऱ्याचा टॅग असतो, आणि तोही असाच रिकामा. नंबर कुणी दिला ते संदेशात नसेल तर निदान संदेश कोणत्या जोडणीवरून आला त्यावरून तुम्ही आत घेतानाच लावून टाका.

एवढं केलंत तर ढीग बराच आटेल. तरी काही रिपोर्ट उरतीलच: जुनी लॅब, शिबिरातले नमुने, पेशंटनं बाहेरून करून आणलेलं. तिथे नावाशी गाठ पडते, म्हणून आता अल्गोरिदम.

इंग्रजीत लिहिलेल्या मराठी नावांवर साउंडेक्स, म्हणजे उच्चारावरून नावाला छोटा कोड देणारी पद्धत, लावू नका. हे १९१८ साली अमेरिकेत पेटंट घेतलेलं तंत्र तिथल्या आडनावांसाठी केलेलं आहे आणि ते पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवतं. आपल्या ज्ञानेश्वराला कुणी 'डी एन वाय' लिहितं, कुणी 'जी वाय'. साउंडेक्समध्ये एकाचा कोड डी५५२ येतो आणि दुसऱ्याचा जी५२६. माउली एकच, कोडांचा एकमेकांशी संबंध नाही. सुरुवातीच्या अक्षरांना जास्त गुण देणारी जॅरो-विंकलर पद्धतही इथे तशीच घसरते. गोव्याकडचे पेशंट येत असतील तर आणखी मजा: कामत 'सी'नं सुरू होतात, शिरोडकर 'एक्स'नं, आणि नाईकांच्या शेवटी 'क्यू यू ई' येतं, कारण स्पेलिंगं पोर्तुगीज वळणाची आहेत.

माझा अनुभव: रोमन स्पेलिंगशी कुस्ती खेळण्यापेक्षा दोन्ही नावं एका साध्या उच्चार-खुणेत आणा आणि मग तुलना करा. ज्ञची सगळी स्पेलिंगं एक, 'व्ही' आणि 'डब्ल्यू' एक, क्षची दोन्ही तिन्ही रूपं एक, ऱ्हस्व-दीर्घ एक, जोडलेला 'एच' सोडून द्यायचा म्हणजे जाधव-जादव एक होतात. मग 'बाई', 'राव', 'भाऊ', 'ताई' या शेपट्या काढून वेगळ्या ठेवायच्या; शांताबाई कधी शांता असते, दत्तात्रय कधी दत्तू. मात्र ही खूण उमेदवार, म्हणजे जुळू शकतील अशा नोंदी, शोधायलाच वापरा, निर्णय घ्यायला नाही. फार दाबलं की काळे आणि काले, दोन्ही एकाच पोत्यात पडतात.

देवनागरीत साठवलेली नावं तरी सोपी असतील असं वाटत असेल तर 'कऱ्हाडे' हे आडनाव घ्या. त्यातला ऱ्ह युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो: नुक्त्याच्या ऱ ला हलंत लावून, किंवा साध्या र ला हलंत लावून मागे एक न दिसणारं जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर दोन्ही हुबेहूब. संगणकाला दोन वेगळी माणसं. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण चालवूनही हा फरक जात नाही, हाताने नियम लिहावा लागतो. मी यावर एकदा पूर्ण दोन दिवस घालवलेत आणि शेवटी अक्षरांचे कोड कागदावर छापून एकाखाली एक ठेवले तेव्हा ते चिन्ह सापडलं.

नावाचा क्रमही बघा. आपल्या याद्या आडनावापासून सुरू होतात, आधारवर पहिलं नाव आधी, आणि एचएल७ मध्ये आडनाव, नाव, मधलं नाव असे वेगळे घटक. मधे कुणीतरी फक्त मोकळ्या जागेवर नाव तोडणारा प्रोग्राम लिहिलेला असतो आणि 'पाटील सुनील वसंत' यांचं पाळण्यातलं नाव पाटील होऊन बसतं. तिन्ही तुकडे क्रम न धरता जुळवून बघणं हा यावरचा सोपा इलाज.

आणि बायकांची नावं. लग्नानंतर आपल्याकडे आडनावच नाही, मधलं नावही बदलतं. वडील जातात, नवरा येतो. काही घरांत पहिलं नावही बदलतात. म्हणजे स्वाती अशोक कुलकर्णी आणि मृणाल निखिल देशपांडे ही एकच मुलगी असू शकते, आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की तुमच्या काउंटरवर कोणतं नाव सांगेल ते सांगता येत नाही. नाव बदललं तर जुनं नाव खोडू नका. पेशंटच्या नोंदीत नावांची यादी ठेवा, तारखांसकट, आणि जुळवताना सगळ्या नावांशी जुळवा. मधलं नाव जुळलं नाही म्हणून पुरुष पेशंटचे जेवढे गुण कापाल त्याहून स्त्री पेशंटचे कमी कापा. हे छोटं वाटतं, पण माझ्याकडच्या डुप्लिकेट फायलींत बायका पुरुषांपेक्षा नेहमीच खूप जास्त निघाल्या, त्याचं कारण हेच.

आता जुळणीचे गुण कसे द्यायचे. याचं गणित १९६९ साली फेलेगी आणि सुंटर यांनी मांडलं आणि अजून तेच चालतं. प्रत्येक रकान्यासाठी दोन शक्यता काढायच्या: माणूस खरंच तोच असेल तर हा रकाना जुळण्याची, आणि माणूस वेगळा असेल तर योगायोगानं जुळण्याची. दोघांचं गुणोत्तर, त्याचा दोनच्या पायाचा लॉग, तेवढे गुण. लिंग घ्या. माणूस तोच असेल तर ९८ टक्के वेळा जुळेल, वेगळा असला तरी ५० टक्के जुळेलच. गुण मिळतात जेमतेम १. जुळलं नाही तर मात्र उणे ४.६. म्हणजे लिंग जुळल्याचं कौतुक नाही, न जुळल्याची दखल मोठी. 'तीनपैकी दोन'सारख्या नियमात ही तिरकी तोलाई मावतच नाही.

जन्माचा दिवस-महिना घ्या. माणूस तोच असेल तर ९५ टक्के वेळा जुळेल असं धरा. सर्वसाधारण तारखेला योगायोगाची शक्यता ३६५ त एक, म्हणून सुमारे ८.४ गुण. पण समजा तुमच्या पेशंटांत दर वीसातल्या एकाची तारीख १ जून आहे. मग त्या तारखेला गुण फक्त ४.२. निम्मेच. गणित शिकवणारी बरीचशी पुस्तकं रकान्याला एकच वजन देतात, तुम्ही किमतीप्रमाणे वजन द्या: १ जूनला कमी, २३ मार्चला जास्त, पाटील-जाधव-शिंदेंना कमी, क्वचित आढळणाऱ्या आडनावाला जास्त. वजनं दुसऱ्याच्या डेटावरून आणू नका, स्वतःच्या डेटाबेसमध्ये मोजा. एक दुपारचं काम आहे.

मोबाईलबद्दल एकच वाक्य पाठ करा: मोबाईल घर सांगतो, माणूस सांगत नाही. गावाकडच्या पेशंटच्या नोंदीत पुण्यातल्या मुलाचा नंबर असतो, कधी गावातल्या आशा सेविकेचा, कधी आणणाऱ्या रिक्षावाल्याचाही. शिवाय बंद पडलेले नंबर कंपन्या काही काळानं दुसऱ्याला देतात. उमेदवारांची यादी काढायला मोबाईल उत्तम. त्या यादीत कोणता माणूस हे ठरवायला त्याचा उपयोग शून्य.

भरीच्या किमती हा वेगळा सापळा. दहा वेळा ९ असलेला मोबाईल, १-१-१९०० ही जन्मतारीख, 'अनोळखी पुरुष' हे नाव. हायवेवरच्या एका अपघातातून दोन बेशुद्ध माणसं रात्री दोनला येतात. दोघांचं नाव, तारीख, फोन तेच. तुमच्या सध्याच्या कडक नियमानंसुद्धा ती दोघं एक आहेत, तिन्ही जुळतंय! अशा किमतींची यादी करून त्यांना 'माहिती नाही' समजा, 'जुळलं' नव्हे. अनोळखी पेशंटला तात्पुरत्या नावातच वेगळेपण द्या, तारीख-वेळ आणि क्रमांक घालून. 'बेबी ऑफ सुनीता पवार' याला तर जुळ्यांत 'एक' आणि 'दोन' लावलंच पाहिजे, आणि बारशानंतर आलेलं नाव त्याच नोंदीवर चढलं पाहिजे, नवीन फाइल उघडून नाही.

आभा नंबरनं, म्हणजे सरकारच्या आरोग्य ओळखनंबरनं, सगळं सुटेल का, असंही प्रश्नात ओझरतं आलंय. आयुष्मान भारत डिजिटल मिशन २०२१ च्या सप्टेंबरपासून देशभर आहे, नंबर १४ अंकी आहे, आणि ज्याच्याकडे आहे त्याचा जरूर घ्या. काउंटरवरचा क्यूआर पेशंटनं स्वतःच्या फोननं स्कॅन केला की नाव, लिंग, जन्मवर्ष टाइप न करता येतं, हा फायदा मला नंबरापेक्षाही मोठा वाटतो. पण आभा ऐच्छिक आहे, सगळ्यांकडे नसणार, आणि एका माणसाचे एकाहून जास्त आभा पत्ते (ईमेलसारखी दिसणारी ओळखनावं) असू शकतात. तेव्हा आभाला तुमच्या टेबलाची मुख्य किल्ली करू नका. यूएचआयडीच्या शेजारी आणखी एक ओळखनंबर म्हणून ठेवा. त्या मिशनच्या नियमांतली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. पेशंट आपल्या जुन्या नोंदी शोधतो तेव्हा हॉस्पिटलकडे मोबाईल, नाव, लिंग, जन्मवर्ष येतं, आणि एकाहून जास्त पेशंट जुळले तर हॉस्पिटलनं त्यातला बरा वाटणारा निवडायचा नाही, चूक म्हणून परत कळवायचं. मला हवा तो नियम हाच.

गुण काढलेत की दोन रेषा आखा. वरच्या रेषेपलीकडे आपोआप जोडा, खालच्या रेषेखाली 'जुळत नाही' म्हणा, मधलं माणसाकडे. एचएल७ च्याच नव्या फायर मानकातली पेशंट जुळवणारी क्रियासुद्धा उत्तर 'खात्रीनं', 'बहुधा', 'शक्य' आणि 'नक्कीच नाही' अशा पायऱ्यांत देते. हो-नाही एवढंच देत नाही. आणि पहिल्या क्रमांकाचा उमेदवार दुसऱ्याहून स्पष्ट पुढे नसेल तर गुण कितीही असोत, आपोआप जोडायचं नाही. सात सुनीता पवारांपैकी पहिल्या दोघींना सारखेच गुण असतील तर ते गुण सुनीता असल्याचे आहेत, हीच सुनीता असल्याचे नाहीत.

माणसाकडे जाणारा ढीग कुणाचा, हे मात्र नावानिशी ठरवा. आयटीचा माणूस नको. एमआरडीतला (मेडिकल रेकॉर्ड विभागातला) जुना कर्मचारी किंवा लॅबची वरिष्ठ टेक्निशियन हवी, जिला वॉर्डात फोन करून "सिस्टर, सहा नंबरच्या बाईंचं नमुन्याचं लेबल वाचून दाखवा" असं म्हणता येतं. तिच्या पडद्यावर दोन्ही नोंदी शेजारी-शेजारी, फरक रंगवलेले. '९२ टक्के' असा आकडा आणि आधीच निवडलेलं बटण दाखवू नका. दुपारी चारनंतर माणूस फक्त होकार दाबत जातो. आणि अडकलेल्या रिपोर्टात पोटॅशियम ६.८, म्हणजे जिवाला धोका होईल इतकं, असेल तर तो ढिगात थांबू शकत नाही. रिपोर्ट जोडायचा थांबवा, फोन थांबवू नका. ट्यूबवरच्या नंबरावरून वॉर्ड शोधून लगेच सांगायची जबाबदारी लॅबची.

जोडण्याआधी एक शेवटचं चाळण लावा, फुकटात मिळतं. जुन्या निकालाशी नवा ताडून बघा. रक्तगट नोंदीत बी पॉझिटिव्ह आणि आलेला ओ पॉझिटिव्ह, तर काहीही जुळू दे, थांबा. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या तपासणीत, एमसीव्ही बघा. तांबड्या पेशींचं हे सरासरी आकारमान चार-आठ दिवसांत फारसं हलत नाही. परवा ७२ आणि आज ९४, मधे रक्त चढवलेलं नाही, तर बहुधा ट्यूबच दुसऱ्याची आहे. इथे तुमची जोडणी बरोबर असूनही रक्त चुकीचं असतं, आणि ते कोणताही नावांचा अल्गोरिदम पकडणार नाही.

खाटेशेजारच्या यंत्रांचा वेगळा पंथ आहे. मॉनिटर बऱ्याचदा पेशंट नंबर पाठवत नाही, खाटेचा नंबर पाठवतो. अकरा वाजता पेशंट हलवला आणि सॉफ्टवेअरमध्ये बदली पाऊण वाजता टाकली, तर मधली पावणेदोन तासांची नाडी त्या खाटेवर आलेल्या नव्या माणसाची, पण नोंद जुन्याच्या फाइलला. ढकलगाडीवरच्या ईसीजी यंत्रात आधीच्या पेशंटचं नाव तसंच राहिलेलं असतं. यावर उपाय एकच, मनगटावरचा बारकोड स्कॅन केल्याशिवाय यंत्र सुरूच न होणं.

चुकून जोडलेलं सोडवता येईल अशी सोय पहिल्या दिवसापासून ठेवा. प्रत्येक निकालाबरोबर मूळ संदेश, त्यातला नंबर, कोणत्या नियमानं आणि कुणी जोडला हे साठवा. दोन फायली एक करायच्या तर हरलेली पुसू नका, जिंकलेलीकडे बोट दाखवत जिवंत ठेवा. आणि दोन नोंदी एक केल्याचं कळवणारा एचएल७ चा ए४० संदेश लॅब, एक्स-रे, फार्मसी, बिलिंग सगळ्यांना गेला का ते बघा, नाहीतर उद्या लॅब जुन्याच नंबरावर पाठवत राहते. त्याहून घातक म्हणजे माहिती बदलणारा ए०८. काउंटरवर यादीतून चुकीची ओळ निवडून कुणी नवीन माणसाचं नाव-तारीख जुन्याच्या नंबरावर लिहून टाकतं आणि कुठेही चूक म्हणून दिसत नाही. नाव, लिंग, जन्मतारीख यांपैकी दोन एकाच वेळी बदलत असतील तर तो बदल अडवा. हा नियम लिहायला दहा ओळी लागतात आणि मी लिहिलेल्या कोडातला सगळ्यात उपयोगी तोच असेल.

काउंटरवरच्या मुलांना एक सवय लावा. "तुम्ही सुनीता पवार ना?" असं विचारायचं नाही. घाबरलेला, कमी ऐकू येणारा माणूस कशालाही हो म्हणतो. "नाव सांगा, गाव सांगा, जन्माचं वर्ष सांगा." आणि नवीन फाइल उघडण्याआधी शोध. रांग लांब असते हे मला माहीत आहे, सोमवारची ओपीडी मीही पाहिली आहे.

आता लॅबचं, जे मागे ठेवलं होतं. व्यवस्थापनाला नियम ढिला करायच्या सूचनेऐवजी लॅबशी एक बैठक घडवायला सांगा. मागणी एकच ठेवा: आमचा ऑर्डर नंबर आम्हाला परत द्या. त्यांचं सॉफ्टवेअर तो रकाना सांभाळत असेल तर बरंच, अर्ध्या दिवसाचं काम. नसेल तर ऑर्डर नंबराचा बारकोड तुमच्याच हॉस्पिटलात, खाटेजवळ, रक्त काढल्यावर ट्यूबवर लावा आणि लॅबनं आपलं लेबल त्याच्यावर न चिकटवता शेजारी चिकटवायचं ठरवा. त्यांच्या नोंदणीच्या पडद्यावर 'संदर्भ क्रमांक' असा एखादा मोकळा रकाना जवळपास नेहमी असतो. तिथे टाइप न करता स्कॅन करायला सांगा, आणि रिपोर्टच्या संदेशात तो कुठे उमटतो ते शोधून तिथून उचला. एका लॅबकडे तो शेऱ्याच्या ओळीत, चौथ्या शब्दानंतर येत होता. आम्ही तिथूनच वाचला. तीन वर्षं झाली, अजून तिथूनच वाचतोय.